चाळीस बिया आणि एक सुतार

बियाणे बँकेचं शीतकपाट शुक्रवारी दुपारी बंद पडलं आणि भांडारपालाच्या तोंडचं पाणी पळालं. आत रानघेवड्याच्या चाळीस बिया होत्या. जगात तेवढ्याच. ज्या टेकडीवर हा घेवडा उगवायचा, तिथून आता रस्ता गेला होता. पाऊस नसला, ऊन कितीही तापलं तरी हा गडी हिरवा राहायचा. म्हणून शेतातल्या घेवड्याशी त्याचा संकर करायचा बेत होता. अडचण एवढीच, की तीन वर्षं खटपट करूनही एकही बी उगवली नव्हती. सोमवारी समिती येणार होती आणि तिला काही दाखवता आलं नाही, तर विभागाला टाळं लागणार होतं.

"घरी ने. तुझ्या फ्रीजमध्ये ठेव," मोठे साहेब म्हणाले. "डोळ्यात तेल घालून जप!"

भांडारपालाने बरणी फ्रीजरमध्ये ठेवली, बायकोला बजावलं आणि निर्धास्त झोपला. सासऱ्यांना बजावायचं मात्र राहून गेलं. सासरे म्हणजे निवृत्त सुतार, आठ दिवसांसाठी आलेले. डॉक्टरांनी त्यांना मोड आलेली कडधान्यं खायला सांगितलं होतं.

शनिवारी संध्याकाळी पाहतो तर फ्रीजरमध्ये बरणी नाही.

"बाबा, इथल्या काळ्या बिया पाहिल्या का?"

"त्या होय? भिजत टाकल्या," सासरे म्हणाले. "पण जावईबापू, दुकानदाराने तुम्हाला साफ गंडवलंय. दगड आहेत दगड! दोन चावून पाहिल्या, दाढ हलली. मग एकेक घेऊन पॉलिश पेपरने घासली. वरून उकळतं पाणी ओतलं. आता बसल्यात फडक्यात."

"उकळतं पाणी?" भांडारपाल म्हणाला. बिया मेल्या, नोकरीही गेली, हे त्याने मनाशी पक्कं केलं. सासऱ्यांवर ओरडण्याची सोय नव्हती. तरी तोंडून निघालंच, "बाबा, लोकांच्या वस्तूंना हात कशाला लावता?"

सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. ते रात्री जेवले नाहीत, आणि बायको रविवारभर नवऱ्याशी बोलली नाही.

त्या अबोल्यातच भांडारपालाला अवदसा आठवली. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून साधा घेवडा आणला, चाळीस बिया मोजल्या आणि बुटाच्या पॉलिशने काळ्या केल्या.

सोमवारी अध्यक्षबाईंनी त्यातली एक बी उचलली, निरखली, हुंगली. मग नाक खाजवलं. मग कपाळ. समितीतले दोघे खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांना खोकल्याची उबळ आली.

"वास ओळखीचा वाटतोय," काळ्या नाकाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

भांडारपालाने हात जोडले. "बाई, खोटं बोलवत नाही. ते बुटाचं पॉलिश आहे. खऱ्या बिया सासऱ्यांनी…"

तेवढ्यात दार ढकलून सासरेच आत आले. त्यांनी ओल्या फडक्याचं गाठोडं टेबलावर आदळलं. "हे घ्या लोकांच्या वस्तू! लेकीच्या घरात माझ्यावर चोरीचा आळ? दोन खाल्ल्यात, त्या सोडून सगळ्या मोजून घ्या. आणि कडूजहर आहेत, आधीच सांगतो."

साहेबांनी गाठ सोडली. अडतीस बिया. प्रत्येकीला बोटाच्या पेराएवढा पांढराशुभ्र मोड.

साहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तीन वर्षं ज्यासाठी देव पाण्यात घालून बसले, ते समोर फडक्यात वळवळत होतं.

"कसं केलंत?" अध्यक्षबाईंनी वही उघडली.

"ऐंशी नंबरचा पेपर," सासरे घुश्शातच म्हणाले. "हलका हात. साल फक्त खरवडायची, आत जायचं नाही. यात काय एवढं? कुठलाही सुतार सांगेल."

बाईंनी नाक न पुसताच सगळं लिहून घेतलं. विभाग वाचला. बँकेत हट्टी रानबियांच्या आणखी दोनशे बरण्या होत्या, त्यांच्यासाठी सासऱ्यांची तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि हाताखाली भांडारपाल देण्यात आला. यातून सोडवा म्हणून त्याने साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

पहिल्याच दिवशी दुपारी सासऱ्यांनी त्याची घासलेली बी उजेडात धरली आणि ते चुकचुकले.

"जावईबापू, हातात जीव नाही तुमच्या. लक्ष कुठे असतं?"

"चुकलं, बाबा. उद्या नीट करतो."

"वर कळवावं लागेल," सासरे म्हणाले.

"साहेबांना?"

"साहेबांना कशाला? लेकीला."