नरसय्या अण्णांचा परतीचा सामना

फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला की आमचे नरसय्या अण्णा टीव्हीवर चादर टाकतात.

सगळं जग ज्या दिवशी टीव्ही लावून बसतं, त्या दिवशी हा माणूस टीव्ही झाकतो. आणि चादर म्हणजे काय, चांगली जाडजूड, मोराच्या जोडीची. मी एकदा विचारलं, "अण्णा, चार वर्षं फुटबॉल फुटबॉल करून माझं डोकं खाल्लंत, आणि आता बघायच्या वेळी हे काय?"

"आता काय बगायचं ओ बाई?" अण्णा म्हणाले. "लगीन लागलं की. पंगतीत कोन काय जेवलं, त्याच्यात मला इंटरेस्ट न्हाय."

अण्णांना रस फक्त पात्रता फेरीत. तीसुद्धा आशियाची. युरोपात कोण जिंकलं, ब्राझीलचं काय झालं, विचारून बघा. मख्खासारखे बघत राहतील. पण भूतान, ग्वाम, मकाव असं काही म्हणा, की माणूस खुर्ची पुढं ओढतो. भूतान पहिल्याच फेरीत बाहेर गेलं त्या दिवशी यांनी चहात साखर घातली नव्हती. भूतानला त्याचा पत्ता नाही, पण मला तो चहा प्यावा लागला.

मी शेख बाई. शाळेत गणित शिकवते. आमची दारं समोरासमोर, आणि गणित शिकवते म्हटल्यावर पात्रता फेरी मला समजलीच पाहिजे असं अण्णांनी परस्पर ठरवून टाकलेलं. एकदा भाजीवाल्याच्या गाडीपाशी मला गाठलं आणि त्याच्याच मालावर शिकवणी सुरू केली.

"हे बगा, आशियात शेहेचाळीस संघ. त्यातले खालचे वीस, म्हनजे ह्या मिरच्या, पैल्या फेरीत आपसात भांडनार. दहा गेल्या. उरलेल्या दहा आन् वरचे सव्वीस कांदे, झाले छत्तीस. चार-चारचे नऊ गट. गटातले दोन-दोन वर. अठरा. सहा-सहाचे तीन गट. पैले दोन थेट विश्वचषकात."

"आणि बाकीचे घरी," मी पिशवी उचलत म्हटलं.

"तितंच तर गंमत हाय की!" अण्णांनी माझी पिशवी धरली. "तिसरा, चौथा आला तरी घरी जात न्हाय. चौथी फेरी हाय. तितं पैला आला तर विश्वचषकात. दुसरा आला तरी पाचवी फेरी. पाचवी जिंकली तर परदेशातल्या संघांशी अजून एक झुंज. बाई, हरलेल्याला एवढ्या वाटा जगात कुटं हायत, सांगा?"

भाजीवाला म्हणाला, "अण्णा, त्या मिरच्या ठेवा आता, लोक घ्यायचे थांबलेत."

बोलायची पद्धतही हीच. घरमालकीणबाईंनी पाण्याची वेळ बदलली नाही तर "गणित अजून जित्तं हाय". रिक्षा मिळाली नाही तरी "गणित जित्तं हाय". आणि पाहुणचार म्हणजे दोन सामने, एक घरचा आणि एक परतीचा. ईदला ते माझ्याकडे शीरखुर्मा प्यायले की जाताना दारात सांगणार, "तुमचा घरचा सामना झाला. परतीचा दिवाळीला माज्याकडं." एका दिवाळीला माझा गुडघा धरला होता, जाणं जमेना. तेव्हा फराळाचं ताट घेऊन स्वतः आले, ताट ठेवलं आणि म्हणाले, "हे फक्त खायला. सामना पुढं ढकललाय. गुडघा बरा झाला की येऊन खेळायचं." गेले की नाही मी! जाऊन परत चकल्या खाल्ल्या.

अण्णा चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं नक्षी काढायचे. चादरीवरचा मोर आधी बारीक चौकटींच्या मोठ्या कागदावर रंगवावा लागतो, एकेक चौकट मोजून. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात आणि त्या मागावर चढवतात. या कामाचा एक नियम आहे. हातात घेतलेली ओळ पुरी झाल्याशिवाय मान वर करायची नाही. मोजणी चुकली, एक चौकट इकडची तिकडं झाली, की हजार चादरींवर मोराची मान मोडलेली येते. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. आता त्याच कागदावर ते पात्रता फेऱ्यांचा तक्ता रंगवतात. एकदा यांचं दूध उतू चाललेलं. मी माझ्या दारातून ओरडतेय, "अण्णा, दूध! अहो दूध!" अण्णांची मान खाली, आणि डाव्या हाताचं एक बोट वर. थांबा. दूध गेलं, पातेलं जळलं, घरभर धूर झाला. मग ओळ पुरी झाली आणि अण्णा शांतपणे म्हणाले, "काय म्हनत होता बाई?"

या घरात आधी दोन माणसं तक्ता रंगवायची. अण्णांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी पद्मा नववीत होती. पोरगी बोलायचीच बंद झाली. अण्णांनाही बोलता कुठं येतं! त्यांनी कारखान्यातून चौकटींचा कागद आणला, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली आशियातल्या संघांची यादी कापली, आणि रंगाच्या बाटल्या तिच्यापुढं ठेवल्या. तिनं गुपचूप रंगवायला घेतलं. पहिला संघ बाहेर गेला, अण्णांनी त्याच्यावर लाल फुली मारली, आणि महिन्याभरानं पोरगी पहिल्यांदा तोंड उघडून रडली. "नान्ना, त्यांना कशाला खोडलं?" नान्ना म्हणजे तेलुगूत वडील. त्या दिवसापासून पात्रता फेरी या घरात आली ती आलीच.

पुढं पद्मा शिकली, आणि बार्शीच्या धान्यबाजारातल्या एका मराठा घरातल्या मुलाशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. अण्णा गेले नाहीत. वर्षभरानं, दिवाळी झाल्यावर, दुसरी फेरी सुरू झाली त्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन आली. मी माझ्या दारात उभी होते, सगळं बघितलं. अण्णा तक्त्यावर वाकलेले. पद्मा म्हणाली, "नान्ना." अण्णांनी मान वर केली नाही. पाच मिनिटं ती दोघं उभी होती. मग तिनं लाडवांचा डबा खाली ठेवला, डोळ्याला पदर लावला आणि गेली.

त्या संध्याकाळी मी अण्णांना सोडलं नाही. म्हटलं, "दगड आहात का? पोटची पोर ती!" अण्णा डब्याकडे बघत बसले होते. म्हणाले, "घरचा सामना हरलो, बाई."

"मग परतीचा आहे ना? जा की बार्शीला!"

"तारीख जाहीर व्हायची हाय."

दोन वर्षं तारीख जाहीर होईना. भारत दुसऱ्या फेरीत बाहेर गेला, मी म्हटलं, आता तरी जा. "गणित जित्तं हाय," एवढंच. उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदाच विश्वचषकाला पोचले, अण्णांनी गल्लीत पेढे वाटले, लोकांना वाटलं पद्माला मूल झालं. लोकांनी तोंडावर विचारलं तेव्हा हा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन घरात गेला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. मला राग आला होता, पण त्या दोन दिवसांत मीच दोन्ही वेळा डबा नेऊन दिला. परतीचे डबे मला अजून आलेले नाहीत.

मग पाचवी फेरी आली. इराक आणि अमिरात. पहिला सामना बरोबरीत. दुसऱ्यातही बरोबरी, नव्वद मिनिटं संपली, भरपाईची वेळही संपत आली, आणि इराकनं पेनल्टीवर गोल मारला. सकाळी मी शाळेला निघाले तर दारात अण्णा. इस्त्रीचा शर्ट, काखेत कागदात बांधलेलं गाठोडं.

"पाचव्या फेरीत, बाई! शेवटच्या मिन्टाला!" डोळे लाल झालेले. "बार्शीची गाडी किती वाजता हाय?"

मी शाळेत फोन करून रजा टाकली. या माणसाला एकट्याला सोडलं असतं तर वाटेत वैरागलाच उतरून परत आला असता.

गाडीत अण्णा गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. वैराग मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाच चौकटी राह्यल्या होत्या."

"कसल्या?"

"ती आली तवा. रागात होतो, खोटं कशाला बोलू. पन तिनं नान्ना म्हनलं आन् राग गेला की ओ. म्हनलं, ओळ पुरी करतो आन् बगतो तिच्याकडं. पाचच राह्यल्या होत्या. मान वर केली तर दारात डबा."

मी आयुष्यभर मुलांना गणितं घातली, पण पाच चौकटींसाठी दोन वर्षं घालवणारा माणूस बघितला नव्हता. शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि या अल्ला, मलाच रडू आलं.

बार्शीत बाजारामागं घर. पद्मा ओट्यावर तूर निवडत बसली होती, शेजारी अर्धं पोतं. रिक्षा थांबली तसं तिनं बघितलं. बघितलं म्हणजे नीट बघितलं. आणि पुन्हा सुपात मान घातली.

"पद्मा, अगं कोण आलंय बघ तरी," मी म्हटलं.

पद्मानं मान वर केली नाही. डाव्या हाताचं एक बोट वर केलं. थांबा.

माझं डोकंच फिरलं. मी पुढं झाले, तर अण्णांनी मागून माझी बाही धरली. "बोलू नका बाई. तिची ओळ चालू हाय."

आणि उभे राहिले. उन्हात, गाठोडं काखेत. शेजारच्या घरातून कुणीतरी खुर्ची आणून दिली, अण्णांनी मान हलवली. सूप निवडून झालं. मला वाटलं, झालं एकदाचं. तिनं पोत्यातून दुसरं सूप भरून घेतलं. अण्णा पुन्हा उभे. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. "अण्णा, सावलीत तरी या." तर म्हणाले, "मैदान सोडलं की सामना गेला, बाई."

दुसरं सूप अर्ध्यावर आलं तेव्हा तिच्या हाताचा वेग गेला. एकच दाणा बोटांत धरून फिरवत बसली. तेव्हा अण्णा बोलले. मोठ्यानं नाही, पण ओटाभर ऐकू आलं.

"माजं चुकलं गं पद्मा. ओळ सोडून मान वर करायला पायजे होती."

तिनं सूप खाली ठेवलं आणि वर बघितलं. मग जी रडायला लागली, ती बापाच्या छातीला डोकं लावून रडत राहिली, आणि मध्येच म्हणाली, "किती वाळलाय तुमी, नान्ना."

गाठोड्यात चादर होती. कारखान्याच्या जुन्या मालकाच्या हातापाया पडून अण्णांनी ती एकच विणून घेतली होती. मी समजत होते, महिनोन्‌महिने नेहमीचा तक्ता चाललाय. तर माणूस चादरीची नक्षी काढत होता. शेहेचाळीस चौकटी, प्रत्येकीत एका संघाचं नाव. पद्मानं ती जमिनीवर अंथरली आणि बोट फिरवत एकेक नाव वाचलं. भूतान. ग्वाम. मकाव. भारत.

"नान्ना, ह्यात कुणालाच खोडलं न्हाय?"

"इनताना कुटं खोडता येतंय?" अण्णा म्हणाले, आणि नाक पुसायला रुमाल शोधू लागले.

दुपारी जावई दुकानातून आला. अण्णांनी त्याच्यापुढं शेंगदाणे मांडून पहिली फेरी समजावून सांगितली. पोरगा भला, शेवटपर्यंत ऐकत बसला. पाच वाजत आले तशी मी पर्स उचलली. "चला अण्णा, गाडीची वेळ झाली."

अण्णा पाटावर बसलेले, ताटात शेंगाचटणी. माझ्याकडे बघितलं, मग चुलीपाशी बसलेल्या पद्माकडे. उठावं की बसावं कळेना. अर्धवट उठलेच.

पद्मा भाकरी थापत होती. तिनं काठवटीवरची नजर काढली नाही. पिठाचा डावा हात उचलला, आणि एक बोट वर केलं.

अण्णा खाली बसले.

मी एकटीच परत आले. समोरच्या दाराला आठ दिवस कुलूप होतं.