कोणत्या पगडीत विचारता?

आमच्या देवासच्या हमरस्त्यावर बरोबर मध्यावर थांबून रावजी वकील पगडी बदलत. गंमत म्हणून नव्हे हो! संस्थानच दोन भावांच्या घराण्यांत वाटलेलं; रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. राजे दोन, कचेऱ्या दोन, आणि दोन्हीकडे वकील मात्र हाच एक. तिकडे लाल पगडी, इकडे जांभळी. एकदा ऐन अदलाबदलीत बैलगाडी आडवी आली, तेव्हा उघडं डोकं उपरण्यात लपवून ते गाडीवानावर ओरडले, "थांब रे भिया! मी सध्या कुठल्याच राज्यात नाही!"

धाकट्या पातीत रावजींच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यांच्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण उमाक्का. अक्का नवव्या वर्षी विधवा झालेली. चाळीस वर्षांत तिला कोणी रस्त्यावर पाहिलं नव्हतं. भिंतीला भिंत असून मी तिचा आवाजही कधी ऐकला नव्हता. रावजींचा आवाज मात्र सगळी आळी ऐके, कारण कोर्टातल्या भाषणाची तालीम ते ओसरीवरच करत.

स्वतःचं मत म्हणून ते कधी सांगायचे नाहीत. आंबा गोड आहे का, एवढं जरी विचारलं तरी उत्तर ठरलेलं: "कोणत्या पगडीत विचारता?"

त्या वर्षी दोन्ही दरबारांत एकच मसुदा आला. परवानगीशिवाय कोणी हिरवं झाड तोडू नये. थोरल्या पातीत जंगलखात्यानं रावजींना कायद्याच्या बाजूनं उभं केलं, धाकट्या पातीत लाकडाच्या व्यापाऱ्यांनी विरुद्ध. दुसरा कोणी लाजला असता. रावजी खुलले.

सकाळी लाल पगडीत सुरू: "सरकार, झाड म्हणजे गावाचं आजोळ!" दुपारी जांभळीत: "पलीकडे कोणी एक दीडशहाणा झाडाला आजोळ म्हणतो. या गृहस्थानं जन्मात कधी चूल पेटवली आहे का? ज्याची जमीन त्याचं झाड!" दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल: "पलीकडच्या वकिलाला चुलीपुढे काही दिसतच नाही." एका संध्याकाळी तर ते इतके संतापले, की जेवायला उठेनात.

"अहो रावजी," मी म्हटलं, "तो वकील तुम्हीच ना?"

"म्हणून काय वाटेल ते बोलायचं?"

शेवटी ते दोन्हीकडे जिंकले. रस्त्यापलीकडे डहाळी मोडायलाही परवानगी लागू लागली, आणि आमच्या बाजूला अख्खं झाड पाडा, कोणी विचारणार नाही. रावजींनी दोन्ही निकालांचे पेढे वेगवेगळे वाटले. मी दोन्ही खाल्ले.

चार दिवस गेले. भर दुपारी परसातून कुऱ्हाडीचा आवाज आला म्हणून मी धावलो. रावजींच्या मागच्या खिडकीला लागून हजारीभियाचं आवार. हा लाकडाचा व्यापारी, रावजींचाच अशील. आवारात एक जुनी खिरणी, फळांनी नुसती पिवळी झालेली. तिची एक फांदी खाली पडली होती, आणि बुंध्याला पाठ लावून रावजी उभे होते. बोडके! उपरणंसुद्धा नाही.

"हजारीभिया, थांबव हे."

"वकील साब, तमने ही तो कियो थो, जिसकी ज़मीन उसका झाड़!"

"कोणत्या गाढवानं म्हटलं?"

"तमने!"

रावजींचा हात सवयीनं डोक्याकडे गेला आणि रिकामाच परतला. मला राहवेना. "रावजी, अहो, पगडी?"

"कुठली घालू? एक इथं चालत नाही, आणि दुसरीनं तर हे झाड मीच पाडलंय." मग त्यांनी चक्क हात जोडले. "हजारीभिया, माझी अक्का चाळीस वर्षं त्या खिडकीत बसलीय. पोपट कधी येतात, मोहोर कधी धरतो, सगळं तिला ठाऊक. तिचं माहेर म्हण, जत्रा म्हण, एवढं एकच झाड आहे रे. कायदा नाही माझ्याकडे. मी मागतोय."

हजारीभियानं खिडकीकडे पाहिलं. खिडकी अर्धी लोटलेली होती. तो मजुरांना म्हणाला, "चलो रे भिया, घर चलो." जाता जाता रावजींच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "पहले बोलना था, साब."

रावजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग माझ्या कानाशी लागले. "अक्काला सांगू नका हं, तो निकाल मी आणला म्हणून. तिला वाईट वाटेल."

मी मान हलवली. सगळ्या आळीनं पाठ केलेली ती भाषणं आतल्या माणसाला ऐकू गेली नसतील, असं या हुशार माणसाला खरोखरच वाटत होतं. मला हसू आलं.

तेवढ्यात खिडकीतून एक आवाज आला. बारीक, जरा घोगरा, मी कधी न ऐकलेला.

"रावजी, अरे ऊन किती! डोक्यावर काहीतरी घाल."

रावजी वर बघतच राहिले.

"कुठलीही घाल," अक्का म्हणाली. "आणि जेवायला ये."