मुलाणी तात्यांचा बांधलेला हात

आमच्या कारखान्यात मुलाणी तात्यांना कधीही भेटा, त्यांचा एखादा अवयव पंच्यानं बांधलेला असणार. कधी हात, कधी पाय, एकदा तर डोळा. आणि तात्या ठणठणीत!

बारामतीच्या एमआयडीसीत मी स्टोअर सांभाळतो आणि तात्या जखमी कामगारांच्या फायली. भरपाईचे कागद पाठवायचे आणि माणूस बरा झाला की त्याला झेपेल असं काम शोधायचं, ही त्यांची नोकरी. पण डॉक्टरनं लिहिलेल्या 'हलकं काम' या दोन शब्दांवर तात्यांचा काडीचा विश्वास नाही. "हलकं कुणासाठी? लिवणाऱ्याचं दोनी हात जाग्यावर हायत!" असं म्हणून ते आपला तोच अवयव बांधतात आणि ते काम दिवसभर स्वतः करून बघतात. या नादात साहेबांच्या पँटवर चहा सांडून झालाय. एकदा नव्या डॉक्टरनं तात्यांच्याच नावानं अपघाताचा अर्ज भरला. आपल्याला काहीही झालेलं नाही हे सिद्ध करताना तात्यांच्या नाकी नऊ आले.

गेल्या वर्षी इंदापूरकडच्या बबनच्या उजव्या हाताची बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. जखम भरल्यावर साहेब म्हणाले, "गेटवर बसवा, नाहीतर घरी पाठवा." तात्या उजवा हात बांधून गेटवर गेले. एकाच हातानं वही धरायची, लिहायचं आणि साखळीही ओढायची. दुपारपर्यंत ट्रकांची रांग रस्त्यावर गेली. मग धाड आली माझ्या स्टोअरवर. डाव्या हातानं नटबोल्ट दिले, निम्मे सांडले, माझी सगळी कपाटं उलटीपालटी केली आणि संध्याकाळी जाहीर केलं, "बबन हितंच बसंल." साहेबांनी कुरकुरत सही केली. अट एकच, आठवडाभरात हजर झाला नाही तर जागा गेली.

सोमवारी बबन आला नाही. मंगळवारी मी मोटारसायकल काढली, मागे तात्या. बबन घरात मान खाली घालून बसला होता.

"आरं, काम जमतंय. मी करून बघितलंय," तात्या म्हणाले.

"काम जमंल, तात्या. पण पँटीचं बटन बायको लावती. तितं लघवीला गेल्यावर कुणाला हाक मारू?"

मला हसू फुटणार होतं, पण तात्यांचा चेहरा बघून गिळलं.

"चुकलं माजं," ते म्हणाले. "लघवीला जाताना मी पंचा सोडत हुतो."

बुधवारी सकाळी सहाला तात्या पंचा घेऊन माझ्या दारात. "आंघुळीच्या आदीच बांध. घरी बांधायला कोण हाय?" माझ्या बायकोनं गाठ मारली, चहा दिला. बुधवारी बटण, गुरुवारी हुक, शुक्रवारी इलॅस्टिक. हुकाच्या दिवशी तात्या अर्धा तास संडासात अडकले आणि शेवटी मलाच हाक मारली. इलॅस्टिक मात्र जमलं. शिंप्याच्या डोक्यावर बसून त्यांनी बबनच्या मापाच्या दोन पँटी शिवून घेतल्या, आणि शनिवारी बबन माझ्या स्टोअरात हजर!

रविवारी सुट्टी. सहाला पुन्हा कडी वाजली. दारात तात्या.

"आता काय बांधायचं?" मी थट्टेनं विचारलं.

"काय न्हाय." तात्या चपलांकडं बघत म्हणाले, "तीन दिस सकाळी कुणीतरी च्या दिला. सवय लागली, बग."

आतून बायको म्हणाली, "तात्या, दारात का उभं? आत या की."