शैलाकाकूंची चौकशी

शेजारच्या शैलाकाकू नवीन बाई भेटली की आधी नाव विचारत नाहीत. "आई-वडिलांपैकी कुणाला बीपी?" असं विचारतात.

काकू मूळच्या सांगलीच्या. काकांच्या बदलीमुळे चंडीगडला आल्या आणि इथेच रमल्या. डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, तरी त्यांच्यासमोर बायका भडाभडा बोलतात. एकदा सेक्टर बावीसच्या बाजारात आम्ही सूटचं कापड बघत होतो. बाजूला एक अनोळखी पंजाबी बाई दुपट्टे निवडत होती. काकूंनी सरळ विचारलं, "जी, बच्चा पेट में था तब बीपी बढ़ा था क्या?"

मला त्या दुपट्ट्यांच्या ढिगात लपावंसं वाटलं. बाईने हातातला दुपट्टा खाली ठेवला. मग म्हणाली, "हां जी, दोनों बारी."

"फिर अब भी नापते रहना. पक्का!"

निघताना दोघी गळ्यात गळे घालून! मी थक्क.

"बाईचं बीपी गप्प बसतं, आपणच त्याला बोलतं करायचं," हे काकूंचं ठरलेलं वाक्य.

माझंही त्यांनीच बोलतं केलं. डोकं दुखायचं, ते मी आमच्या इकडच्या नव्या बदलीच्या दगदगीवर ढकलत होते. काकू थेट स्वयंपाकघरात शिरल्या. लोणच्याची बरणी बघितली, पापडांचा डबा उघडला. "पाळी थांबली ना गं तुझी? गुडघ्यांसाठी गोळ्या कुठल्या घेतेस? झोप लागते?" आणि हाताला धरून दवाखान्यात. बीपी भलतंच वाढलेलं निघालं. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. ह्या बाईला दिसतं तरी कसं?

परवा त्यांच्याकडे चहाला बसले होते. बंगळुरूहून त्यांच्या लेकीचा, इथेच वाढल्याने हिंदीतच बोलणाऱ्या मीनलचा, फोन आला. तिला सातवा महिना. काकूंनी स्पीकर लावला.

"मम्मा, आज बीपी मत पूछना. बढ़ रहा है ना, मुझे डर लगता है."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अख्ख्या बाजाराची चौकशी करणाऱ्या काकू म्हणाल्या, "नाही विचारत गं." मग गॅलरीतल्या गुलाबांबद्दल बोलल्या, धुक्याबद्दल बोलल्या. आवाज हसरा, पण एका हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली.

बऱ्याच वेळाने पलीकडून हळूच आलं, "मम्मा, आज सुबह नॉर्मल था."

"हो का? बरं झालं," एवढंच काकू म्हणाल्या. फोन ठेवला आणि पदर तोंडाशी धरला.

मी चहा गरम करायला आत गेले आणि आतच थोडा वेळ थांबले.