तेल्हाऱ्याच्या कापसावर शिकलेलं स्कीइंग

बाबांनी एवढंच विचारलं होतं, "चार वर्षं बर्फाच्या देशात राह्यला तू. ते बर्फावर घसरायचं तुले येते का नाई?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं. स्कॉटलंडमध्ये एका रविवारी मी दोन तास पायाला स्की बांधून घेतल्या होत्या. त्यातला दीड तास मी बसून होतो आणि उरलेला अर्धा तास मला दोन मित्रांनी धरून ठेवलं होतं. पण प्रश्न आला तेव्हा मी बाबांकडे जागा मागायला बसलो होतो. जागा मागायला बसलेला माणूस 'नाही' म्हणत नाही. मी म्हणालो, "येतं."

जागेचं आधी सांगतो. आमचं घर अमरावतीत. घरामागे बाबांचा एक मोकळा प्लॉट आहे आणि निवृत्तीनंतर तिथे संत्र्याची झाडं लावायचं त्यांच्या मनात होतं. माझ्या मनात तिथे स्केटिंगचा वर्ग होता. चाकांवरचं स्केटिंग, वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी, फुकट. मी पाचवीपासून पाचगणीला, मग पुण्याला आणि शेवटी परदेशात क्रीडाशिक्षण शिकलो. परत येताना विमानातच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'खेळ ही चैन नाही, हक्क आहे.' (शेजारच्या प्रवाशालाही वाचून दाखवलं. त्याने डोळ्यांवर पट्टी ओढून घेतली.)

बाबा, म्हणजे शेषराव गुरुजी, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, त्यातली अकरा मुख्याध्यापक. परीक्षा घेतल्याशिवाय ते कुणाला काही देत नाहीत.

"तुले शिकवता येते, हे मी कायवरून मानू?" ते म्हणाले. "घरच्या तिघांले बर्फावर घसरायचं शिकवून दाखव. मी, तुही माय अन् संध्या. शिकलो तं जागा तुही. नाई तं संत्रे."

"मले कायले मधात घेता तुमी?" आई म्हणाली. तिचं नाव इंदूबाई, वय अठ्ठावन्न, आणि तिला जिना उतरतानाही कठडा लागतो.

"शिकणाऱ्याले वय नसते, असं तुहा लेकच म्हणते."

मी म्हणतो खरा. सकाळ-संध्याकाळ म्हणतो.

अशा रीतीने जानेवारीत मनालीच्या वर सोलंगला जायचं ठरलं. आमच्या घराने याआधी केलेले मोठे प्रवास दोनच, नागपूरला दीक्षाभूमी आणि एकदा बोधगया. माझी बहीण संध्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने रजेच्या अर्जात कारण लिहिलं 'कौटुंबिक' आणि मला विचारलं, "क्रेप बँडेज किती घेऊ, दादा?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मला एक वेगळीच चिंता होती. तिथे जाऊन सुरुवात केली, तर घरच्यांच्या आधी माझंच अज्ञान उघडं पडणार होतं. सराव इथेच व्हायला हवा होता, आणि अमरावतीत बर्फ मिळतो तो फक्त रसवंतीवर.

तेव्हा मला खुशालमामा आठवले.

खुशालराव हे आईचे धाकटे भाऊ. तेल्हाऱ्याला एका जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर आहेत. डिसेंबरात तिथल्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात, एकेक गंजी दुमजली घराएवढी. पांढऱ्याशुभ्र टेकड्या, उतार तयार आणि पडलं तर लागत नाही. ज्या कापसाने वऱ्हाडाला कपडा दिला, तोच आता वऱ्हाडाला हिमालय देईल, असं मी मामांना फोनवर सांगितलं.

"रविवारी ये," मामा म्हणाले. "फॅक्टरी बंद असते. पाय धुऊन चढा मात्र. अन् कोणाले सांगू नको."

जुन्या पलंगाच्या पट्ट्या आम्ही सुतळीने पायांना बांधल्या. हातात बांबू. बाबांनी गळ्यात शाळेची शिट्टी अडकवली होती. मी गंजीवर चढलो, 'गुडघे वाकवा, पुढे झुका' असं सांगितलं आणि स्वतःला उतारावर सोडलं. मी जागेवरच राहिलो. कापूस घसरू देत नाही. तो माणसाला आत घेतो. दहा मिनिटांत मी मांडीपर्यंत आत होतो.

इथे थांबून विचार करायला हवा होता. मी थांबलो नाही आणि विचारही केला नाही. मी निष्कर्ष काढला : जोर कमी पडतोय. मग आम्ही जोर वाढवला. दोन्ही बांबू मागे रोवायचे, सगळ्या अंगाची ताकद लावायची आणि ढकलायचं. एका धक्क्यात हातभर सरकायचो आणि आपोआप थांबायचो. थांबण्याचा हा आपोआपपणा मला फार आवडला. वहीत मी लिहिलं : 'धडा पहिला, ढकलणे. धडा दुसरा, थांबणे (शिकवावे लागत नाही).'

दुपारपर्यंत बाबा वीस हात गेले. आई खालीच बसून होती. "मले भेव वाटते," म्हणाली. मामा आमच्या अंगावरचा कापूस वेचून पुन्हा गंजीत टाकत होते. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "भाचा, बर्फ असाच असते काय?"

"थोडा थंड असतो," मी म्हणालो.

सोलंगला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि समोरचा सगळा डोंगर पांढरा होता. रस्त्यालगतच्या दुकानात लांब कोट, बूट, स्की असं सगळं भाड्याने मिळालं. आईने नऊवारी नाही तरी सहावारी नेसूनच कोट चढवला, वरून शाल घेतली, आणि शालीवरून मफलर. आम्ही चौघे स्की खांद्यावर टाकून उतारावर गेलो, तर तिथे चाळिशीचा एक काटक माणूस पुढे आला. त्याचं नाव टशी. लाहौलचा, तिथला शिकवणारा.

"साब, सिखा दूँ? एक घंटा," तो म्हणाला.

"नहीं भैया," मी म्हणालो. "हमारा अभ्यास हो चुका है."

"कहाँ?"

"तेल्हारा."

त्याने जरा आठवून पाहिलं. "उधर बरफ कितनी गिरती है?"

"गिरती नहीं. कपास पे किया."

टशी दोन पावलं बाजूला सरकला, उताराच्या खालच्या अंगाला एक नजर टाकली आणि हात खिशात घालून उभा राहिला. त्याच्या गळ्यातल्या बुद्धमूर्तीच्या लॉकेटकडे बाबांचं लक्ष गेलं. त्यांनी हात जोडले, "नमो बुद्धाय." त्यानेही हात जोडले. पुढे पाच मिनिटं ते दोघं जुन्या ओळखीचे असल्यासारखे गप्पा मारत होते आणि मी एकटा बूट स्कीत अडकवायचं कुलूप लावत बसलो होतो. (ते उलटं लागत होतं. शेवटी टशीनेच येऊन लावलं. ते शिकवण्यात धरायचं नाही असं आमचं ठरलं.)

मग मी घरच्यांना ओळीत उभं केलं आणि छोटंसं भाषण केलं. हा डोंगर कुणा एकाच्या बापाचा नाही, आजवर ज्यांच्यापर्यंत तो पोचू दिला गेला नाही त्यांचाही तो आहे, वगैरे. भाषण चांगलं होतं आणि मला ते आजही मान्य आहे. फक्त ते स्की पायात असताना आणि उताराकडे तोंड करून करायला नको होतं.

"मी जातो. बाबा पाचपर्यंत मोजून शिट्टी वाजवतील. मग संध्या, मग बाबा, मग आई. धडा पहिला लक्षात आहे ना?"

"ढकलणे," तिघं म्हणाले.

मी दोन्ही काठ्या मागे रोवल्या आणि तेल्हाऱ्यात लावला होता तेवढा सगळा जोर लावला.

कापसावर त्या जोराने मी हातभर गेलो असतो. बर्फावर मी निघून गेलो. पहिल्या क्षणी आनंद झाला. दुसऱ्या क्षणी मी आपोआप थांबायची वाट पाहू लागलो. तिसऱ्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की धडा दुसरा शिकवावा लागतो.

वाटेत कुणीतरी बर्फाचा बाहुला करत होतं, तो मी नेला. पुढे एक नवं जोडपं भाड्याचे पहाडी कपडे घालून फोटोला उभं होतं. नवरी डोक्यावरचा रुमाल सावरत होती आणि फोटोवाला म्हणत होता, "हिलना मत." ते हलले नाहीत. मी त्यांच्या मधून गेलो. त्याच्या पुढे फोटोसाठीच सजवलेला एक याक उभा होता. त्याच्या पोटात डोकं घालून मी थांबलो. याकने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

पाठीवर पडल्या पडल्या मला मागून शुद्ध वऱ्हाडी ऐकू आलं.

"काहून हो भाऊ, आमच्याच फोटोत यायचं होतं काय?"

"वऱ्हाडातले तुम्ही?" मी विचारलं.

"अकोल्याचे. मी श्याम, ही आकांक्षा. तुमी?"

"अमरावती."

"तरीच," आकांक्षा म्हणाली.

वरून शिट्टी ऐकू आली. बाबा पाचपर्यंत मोजून झाले होते. परीक्षेत काहीही झालं तरी घंटा वेळेवर द्यायची, ही त्यांची सवय. संध्या निघाली, दहा हातांवर शहाणपणाने कुशीवर पडली आणि तिथेच बसून मोबाइलमध्ये माझं चित्रण करू लागली. बाबा काठ्या रोवण्याआधी थांबले आणि टशीकडे वळून म्हणाले, "हमारे लडके ने रुकना सिखाया नहीं. कैसे रुकते?"

टशीने पायांचे अंगठे आत आणि टाचा बाहेर करून दाखवल्या. गुडघे सैल, अंगाचा भार दोन्ही पायांवर सारखा.

आई हे पाहत होती. ती एकदम म्हणाली, "हे तं फळीवर उभं राह्यल्यावानी झालं."

आईचं बालपण अंजनगाव सुर्जीच्या बाजूला गेलं. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचे. नांगरलेली ढेकळं फोडायला बैलांच्या मागे लाकडाची लांब फळी जुंपायचे आणि फळीला वजन हवं म्हणून तिच्यावर लहान पोरीला उभं करायचे. ती पोरगी म्हणजे आमची आई. धरायला काही नाही, खाली ढेकळं, पुढे पळणारे बैल, आणि पडलं की बोलणी. हे तिने मला तोवर कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. (माझ्या वहीत 'ग्रामीण भागातील पारंपरिक समतोल कौशल्ये' असा मथळा होता. खाली पान कोरं होतं.)

मी याकच्या पायांपाशी पडलेलो असताना ती वरून निघाली. शाल, मफलर, कोटाखाली साडीचा काठ. ढकललं नाही, नुसता भार सोडला. गुडघे वाकलेले, नजर समोर. बाहुल्याच्या अवशेषांना तिने वळसा घातला, अकोल्याच्या जोडप्याला वळसा घातला, टाचा बाहेर केल्या आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबली.

"लागलं काय?"

"नाही."

"मंग उठ. याकाले त्रास होते."

"आई, तुला तर भीती वाटत होती."

"वाटत होती ना. पडल्यावर काय होते हे मालूम नोतं. तू एवढा आपटला अन् तुले काई झालं नाई. म्हटलं मंग भ्यायचं कायले."

पुढचे तीन दिवस टशीने शिकवलं. बाबा सावकाश पण सरळ यायला लागले. संध्या वळायला शिकली. आईकडे तिसऱ्या दिवशी इतर प्रवासी सल्ला विचारू लागले, आणि आकांक्षाला तर तिने हात धरून खाली आणलं. मी रोज याकपर्यंत पोचत होतो. टशीने माझ्यासाठी त्याला थोडं बाजूला बांधायला सांगितलं, तेव्हा मीही बाजूला गेलो.

मी मधून जातानाचा तो फोटो श्यामने नातेवाइकांना पाठवला. अकोल्याहून फोटो तेल्हाऱ्याला पोचला. संध्याकाळी मामांचा फोन आला, "भाचा, मालकानं तो फोटो पाह्यला. विचारते, याच्या अंगावरच्या स्वेटरले सरकी कायची चिकटली?"

परतीच्या गाडीत मी वरच्या बाकावर आडवा होतो. बसता येत नव्हतं. निकाल माहीतच होता. मी कुणालाच काही शिकवलं नव्हतं, तिघंही टशीकडे शिकले होते. संत्र्याच्या रोपांना किती अंतर लागतं, हेही मी मोबाइलवर पाहून ठेवलं. आमचं उतरायचं बडनेरा स्टेशन यायला तासभर उरला तेव्हा बाबांनी खालून हाक मारली.

"सुगत, जागा घे."

मी इतक्या झटक्याने उठलो, की डोकं छताला लागलं. "पण मी तर नापास झालो."

"शिकवण्यात झाला. मी चौतीस वर्षं पाहून राह्यलो, पोरं कायले शिकत नाईत? भेतात म्हून. तुही माय अठ्ठावन्न वर्षाची, जिना उतराले भेते. तुले पडताना पाह्यलं अन् तिची भीती गेली. असं काम माह्याच्यानं एकाही वर्गात झालं नाई."

मला भरून आलं. मी म्हणालो, "बाबा, म्हणजे मी उद्यापासून शिकवायला सुरुवात—"

"शिकवाले नाई," बाबा म्हणाले. "शिकवन तुही माय. तू पडत जा."

वर्ग सुरू होऊन आता चार महिने झाले. बत्तीस मुलं येतात, सगळी वस्तीतली, सगळी फुकट. आई खुर्चीवर बसते आणि 'गुडघे वाकव, भार सोड' एवढंच सांगते, आणि मुलं धावू लागतात. वेळापत्रक बाबांनी केलंय. त्यात नवीन मुलांसाठी पहिला तास माझा आहे. विषय : पडणे. शिक्षक : सुगत सर.

मी हे काम मनापासून करतो. पद्धत सुधारली, वेगवेगळे प्रकार बसवले, वही निम्मी भरली. काल तास संपल्यावर आईने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "राजा, तू आता मुद्दाम पडून राह्यला. पोराईच्या लक्षात येते."