कृपादानांची हजेरी

"मानेत लचक भरलीय माझ्या, अन् अजून दुसरीच भाषा चाललीय," शालनबाई शेजारच्या यशोदाबाईच्या कानाशी कुरकुरली. "तिसरी झाल्याबिगर आरोग्याची पाळी न्हाई."

देवाने दिलेले दान कितीही पवित्र असो, वेळापत्रकात बसल्याशिवाय ते मंडळीच्या कामी येत नाही. हे सत्य पिंपरीच्या ख्रिस्ती मंडळीला सन १९५६च्या उन्हाळ्यात उमगले. त्याआधी पत्र्याच्या शेडमधल्या उपासनेत कोणीही, कधीही, पवित्र आत्मा संचारून अगम्य भाषेत बोलू लागे आणि दुसऱ्या पाळीवाल्यांना कामावर उशीर होई. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदाच येत. तेव्हा पंच मालोजींनी लक्ष घातले. मालोजी कारखान्यात टाइमकीपर. हजेरीशिवाय त्यांचा कशावरच, सूर्योदयावरसुद्धा, विश्वास नव्हता.

बायबलातले प्रेषित पौलाचे कृपादानांविषयीचे पत्र पुढ्यात घेऊन त्यांनी नियम केले आणि प्रत्येकाने आपले दान लिहून द्यावे म्हणून फॉर्म काढला. अन्य भाषा बोलणारे एका उपासनेत तीन, प्रत्येकी दोन मिनिटे, छातीवर पितळी बिल्ला लावून. चौथ्यावर आत्मा आलाच, तर त्याने पुढच्या रविवारपर्यंत थांबावे. (आत्म्याकडून अद्याप तक्रार नाही.) अर्थ सांगण्याचे दान, त्याच्या बिल्ल्यासकट, मालोजींनी नाइलाजाने स्वतःकडे घेतले. कोणी कोणत्याही भाषेत बोलो, अर्थ बहुधा एकच निघे: चपला दाराबाहेर रांगेत ठेवाव्यात.

पंचेचाळीस सभासदांपैकी त्रेचाळिसांचे फॉर्म आले. भाषा एकोणीस, भाकीत अकरा, आरोग्य देणे आठ, आत्मे ओळखणे चार, अर्थ एक. पौलाने 'साहाय्य करणे' हेही दान म्हणून लिहून ठेवले असल्याने त्याचाही रकाना ठेवणे भाग पडले. तो स्वच्छ राहिला. (वाचकानेही आपले दान आताच मनात ठरवून ठेवावे. शेवटी विचारले जाईल.) न आलेल्या दोन फॉर्मांपैकी एक सोनबाचा, कारण तो खाटेवर होता. दुसरा त्याच्या बायकोचा, म्हणजे यशोदाबाईचा. फॉर्म वाटले तेव्हा ती शेड झाडत होती.

आरोग्य खात्याचा निकाल मात्र शंभर टक्के. खातेप्रमुख ज्योतीराम. तीन रविवारांत सतरा डोकी, नऊ कंबरा, एक उचकी. नियम अगदी सरळ होता: रोग्याने स्वतः चालत शेडमध्ये यावे. जो चालू शकत नाही तो गैरहजर, आणि गैरहजर माणसाचा आजार वहीत लिहिता येत नाही.

सोनबा तीन रविवार चालत आला नव्हता. "जरा नरम आहे त्याची तब्येत," असे सगळे म्हणत, आणि पाण्याला जाताना त्याच्या खोलीपुढून न जाता नाल्याकडून वळसा घेत. यशोदाबाईने एकदा तो वळसा मोजला होता. दोनशे चाळीस पावले, भरल्या हंड्यासकट. (औषधाच्या कारखान्यातली माणसे. स्वच्छता अंगवळणी पडलेली.)

ती त्याच कारखान्यात बाटल्या धुवायला होती. मुकादमाने बजावले होते, सोमवारी पहिल्या पाळीला आली नाहीस तर नाव कापीन. घरात आता तेवढीच एक मिळकत. तिला चमत्कार नको होता, माणूस हवा होता. सात ते तीन सोनबापाशी बसेल आणि मागेल तेव्हा पाणी देईल, असा.

त्या रविवारी तिसरी भाषा संपली आणि यशोदाबाई उभी राहिली.

"कोणत्या दानाखाली, बाई?" मालोजींनी वही उघडली.

"कोणत्याच न्हाई. मराठीत बोलते. उद्या सात ते तीन आमच्या यांच्यापाशी कुणी बसल का?"

ज्योतीराम पत्र्यांतली भोके मोजू लागला. शालनबाईची लचकलेली मान आपोआप सुटली आणि दुसरीकडे वळली. भाकीतवाल्या अकरांपैकी एकालाही पुढे काय होणार ते सांगता येईना.

"कुणाला कळलं न्हाई वाटतं," यशोदाबाई म्हणाली. "मालोजीभाऊ, अर्थ सांगायचं दान तुमचं हाय. सांगा की."

मालोजींनी घसा साफ केला. चपलांविषयी काही सुचते का, ते पाहिले. मग छातीवरचा बिल्ला काढून वहीवर ठेवला.

"अर्थ असा," ते खाली बघत म्हणाले, "की सोनबाला क्षय झालाय, आणि आपण सगळे भ्यालोय. मी धरून."

(साहाय्याचा रकाना अजून कोरा आहे. वाचकाने मघाशी कोणते दान ठरवले होते?)