वाटी सरकली

“पुरुष म्हणे काही नाही, तिथंच लपलं सारं काही!” भांडी विसळताना आत्या गुणगुणायची. लहानपणी बाईंना ते गाणं वाटायचं. लग्न झालं आणि कळलं, तो इशारा होता!

बाईंचं पडदे शिवायचं छोटंसं दुकान. यजमान निवृत्त ड्रिलमास्तर. अख्खी गल्ली त्यांना ‘सावधान’ म्हणायची. मैदानावर पडलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी जन्मभर एकच औषध दिलं, “ऊठ, झटक, पळ!” येत्या रविवारी शाळेत माजी विद्यार्थ्यांचं संचलन होतं आणि सगळ्यांच्या पुढे चालायचा मान त्यांचा! सकाळीच आरशासमोर मांड्या थोपटून झाल्या. “या वयात असे पाय दाखव कुणाचे! सागवानी खांब आहेत, खांब!”

दुपारी बाई झालर लावत होत्या. मशीनची खडखड ऐन भरात, तेवढ्यात फोन.

“अगं, वाटी सरकली वाटतं.”

“मग सरकवा जागेवर! एवढ्यासाठी फोन?”

“फुटली असली तर?”

“तर टाका केरात! आपल्याकडे वाट्या काय थोड्या आहेत?”

मग बारीक आवाजात, “सुजलीय गं.”

बाईंचा पाय पायडलवरच थिजला. “वाटी सुजते कधी?”

“गुडघ्याची गं, गुडघ्याची!”

बाई धावतपळत घरी पोचल्या, तोवर व्हायचा तो घोळ होऊन गेला होता. ‘तू म्हणालीस म्हणून’ मास्तरांनी वाटी दाबून पाहिली होती. मग ‘ऊठ, झटक, पळ’ म्हणत लंगडत बैठकीच्या खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. आता शेजारच्या काकू कढत तेलानं गुडघा असा रगडत होत्या, जणू कणीकच तिंबतायत! गुडघा कसला, मांडवावरचा भोपळाच लटकला होता. त्यावर लाल टॉवेल बांधत काकू म्हणाल्या, “काय भावजी, गुडघ्याला बाशिंग? एवढी कसली घाई?”

“अहो काकू, ताज्या माराला चोळतं का कुणी!” बाई कडाडल्या. “आणि अहो, तुम्ही! उभे राहा बघू.”

“काही नाही गं, मुका मार...” म्हणत मास्तरांनी पाय टेकवला आणि असे किंचाळले की काकूंच्या हातची तेलाची वाटी खरोखरच सरकली!

“पाय टेकवत नाही, आणि म्हणे काही नाही!” बाईंनी फडक्यात बर्फ गुंडाळून गुडघ्यावर ठेवला, पायाखाली उशा रचल्या, गाडी बोलावली आणि वाटभर कपाळाला हात लावून बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कसे पडलात?”

“न्हाणीघरात घसरलो.”

“पाय मुरगळला?”

“हो. म्हणजे नाही. म्हणजे तसाच काहीसा...”

“मास्तर, पीळ बसला असेल तर आतले दोर तपासायचे, गुडघ्यावर आपटला असाल तर वाटी. पाय पुन्हा धड व्हायला हवाय ना? मग खरं सांगा!”

“बोला की!” बाई वैतागल्या. “न्हाणी तर कोरडी ठणठणीत होती!”

मास्तरांनी मान खाली घातली, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखी. “स्टुलावरून पडलो. थेट गुडघ्यावर. कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढत होतो. माझ्या साखरेपायी हिनं लपवलेला.”

एक्स-रे निघाला. वाटीला तडा होता, पण ती जागची हलली नव्हती. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, संचलन बंद!

“रविवारी खुर्चीत बसून सलामी घ्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता विश्राम!”

मास्तरांचे डोळे भरून आले. “हात पोचला होता गं! भरलेला समजून जोर लावून ओढला, तर डबा पिसासारखा हलका! तिथंच तोल गेला.”

बाई बराच वेळ एक्स-रे निरखत राहिल्या. उलटा धरला होता. मग पदराशी चाळा करत पुटपुटल्या,

“हलका लागणारच... तो मीच संपवलाय.”